शेळीच्या दुधाचं चीज रवाळ, आंबट आणि उग्र का होतंय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर इथेच कळेल. तुम्ही कोथरूडला राहता. मुळशीकडच्या एका शेळीपालकाकडून रविवारी २ लिटर दूध येतं. ते तुम्ही चांगलं उकळता, कोमट झाल्यावर मेसोफिलिक कल्चरची (मध्यम तापमानाला वाढणाऱ्या चीजच्या विरजणाची) चिमूट आणि शाकाहारी रेनेटचे (दूध घट्ट लावणाऱ्या एन्झाइमचे) काही थेंब घालता आणि ओट्यावर झाकून ठेवता. जानेवारीत केलं तेव्हा आठ तासांनी पाहिलं तर पातळ लापशी होती, म्हणून ओतून दिलंत. एप्रिलमध्ये रेनेट दुप्पट केलं, रात्रभर आणि वर अर्धा दिवस ठेवलं. या वेळी घट्ट लागलं, पण टांगल्यावर चीज रवाळ, कोरडं आणि आंबटढाण निघालं. बोकडासारखा वास आला आणि तिसऱ्या दिवशी खाताना जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा राहिला. तुमचा प्रश्न आहे, ‘रेनेट दुसऱ्या कंपनीचं घेऊ का?’ शिवाय जास्तीचं दूध फ्रीझरमध्ये ठेवलं तर चालेल का, हेही विचारलंय.

रेनेट आहे तेच राहू द्या, फक्त पुष्कळ कमी करा. एप्रिलमध्ये दूध लागलं ते दुप्पट रेनेटमुळे, असं तुम्ही धरून चालला आहात. माझ्या मते ते एप्रिलमुळे लागलं. जानेवारीत पुण्यातल्या स्वयंपाकघरात रात्री १७-१८ अंश असतं, एप्रिलमध्ये तिथेच ३३-३४ पर्यंत जातं. हे कल्चर २२ ते २४ अंशांना सोळा ते वीस तासांत आपलं काम पुरं करतं. १७ अंशांना त्याला दीड दिवस लागू शकतो, म्हणजे जानेवारीतलं दूध बिघडलेलं नव्हतं, अजून लागायचं होतं. आणि ३४ अंशांना सगळं आठ-नऊ तासांतच उरकतं, पुढचे नऊ-दहा तास नुसता आंबटपणा चढत जातो. तुमच्या तक्रारी एकाच चीजमध्ये दिसल्या तरी त्यांची मुळं वेगवेगळी आहेत. वास दुधाबरोबर घरात आला, रवाळपणा आणि आंबटपणा ओट्यावर तयार झाला आणि कडवटपणाचा मुख्य संशय त्या जादा रेनेटवर आहे. म्हणून एकेक सोडवू.

वासापासून सुरुवात करतो, कारण तो एकदा आला की घरात कुठल्याही उपायाने जात नाही.

नीट सांभाळलेलं ताजं शेळीचं दूध गाईच्या दुधापेक्षा फारसं वेगळं लागत नाही. ज्याला आपण बोकडाचा वास म्हणतो तो बऱ्याच अंशी स्निग्धातल्या काही आम्लांचा असतो. त्यांची नावंच कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक अशी आहेत, लॅटिनमध्ये शेळीला ‘काप्रा’ म्हणतात त्यावरून. शेळीच्या दुधात त्यांचं प्रमाण गाईच्या सुमारे दुप्पट असतं. पण स्निग्धाच्या कणात बांधलेली असतात तोवर ती नाकाला कळत नाहीत. त्या कणावर पातळ आवरण असतं. दूध हिंदकळलं, उंचावरून ओतलं, फेस आला, किंवा एकदा गार एकदा कोमट असं झालं की ते आवरण फाटतं. मग दुधातलंच लायपेज नावाचं एन्झाइम स्निग्धापर्यंत पोचतं आणि ही आम्लं मोकळी करतं. मोकळी झाली की वास येतो आणि परत बांधता येत नाहीत.

आता तुमच्या दुधाचा प्रवास बघा. पहाटे किंवा सकाळी धार काढलेली, दूध अंगाच्या उबेएवढं गरम, अर्धवट भरलेला कॅन दुचाकीला बांधलेला आणि दीड तासाचा रस्ता. पौड रस्त्याचे खड्डे हे काम रवीपेक्षा चोख करतात. घरी आल्यावर तुम्ही ते कितीही काळजीने हाताळलं तरी निम्मी हानी होऊन गेलेली असते.

शेळीपालकाशी बोलून तीन गोष्टी ठरवा. धार काढल्याबरोबर दूध गाळून बर्फाच्या पाण्यात कॅन बुडवून गार करायचं, तासाभरात ५ अंशांच्या आत आलं तर उत्तम. कॅन गळ्यापर्यंत भरायचा म्हणजे आत हिंदकळायला जागाच उरत नाही. २ लिटर हवं तर २ लिटरचीच बाटली. आणि सकाळच्या कोमट दुधात आदल्या संध्याकाळचं गार दूध मिसळायचं नाही. घरी आलं की लगेच तापवा, ‘संध्याकाळी बघू’ नको. तापवल्यावर दुधातलं लायपेज जवळजवळ संपतं आणि वास वाढायचा थांबतो. आधीचा मात्र राहतो.

दोष दुधाचा की प्रवासाचा, हे ओळखायची साधी तपासणी आहे. एकाच धारेचं दूध तीन छोट्या बाटल्यांत भरा. पहिलीतलं तिथेच लगेच तापवून गार केलेलं, दुसरी कच्चीच पण बर्फात आणि काठोकाठ भरलेली, तिसरी नेहमीसारखी कॅनमधून आलेली. दुसऱ्या दिवशी तिन्ही ४० अंशांपर्यंत कोमट करा आणि झाकण काढून वास घ्या. गार दुधात वास लपतो. तिसरीलाच वास असेल तर वाहतूक सुधारा. तिन्हींना असेल तर मामला गोठ्यातला आहे.

गोठ्यात बघायच्या गोष्टी थोड्या आहेत. बोकड माजावर असताना दुभत्या शेळ्यांजवळ बांधलेला असेल तर त्याचा वास त्यांच्या केसांना, धार काढणाऱ्याच्या हातांना आणि तिथून दुधाला लागतो. बोकड लांब, कास आणि सड धुऊन पुसलेले, भांड्यावर लगेच झाकण, एवढं पुरतं. चाऱ्याचंही तसंच. पुणे जिल्ह्यात कांद्याची पात, कांद्याची छाटण शेळ्यांपुढे टाकणं सर्रास चालतं आणि तो वास काही तासांत दुधात उतरतो. अशा गोष्टी धार काढल्यानंतर द्यायच्या, आधीच्या चार-पाच तासांत अजिबात नको. कडुनिंबाचा पाला शेळ्या आवडीने खातात. दूध कडवट लागत असेल तर तोही थांबवून पाहा.

काही शेळ्यांच्या दुधात मात्र लायपेजचा जोर मुळातच जास्त असतो. तिचं दूध न हलवता ठेवलं तरी दुसऱ्या दिवशी खवट लागतं. अशी एखादी शेळी कळपात असेल तर सगळ्या कॅनला ती पुरते. प्रत्येक शेळीचं अर्धी वाटी दूध वेगळं, कच्चंच चोवीस तास फ्रीजमध्ये ठेवून आणि मग तापवून चाखलं की कळतं. जिचं दूध खारट लागतं तीही बाजूला काढायला सांगा. खारटपणा दोन कारणांनी येतो, शेळी आटायला आली असेल किंवा कासेत दगडी (कासदाह) सुरू झाली असेल. दोन्हींत केसिनचा, म्हणजे दही धरणाऱ्या मुख्य प्रथिनाचा, वाटा घटतो, दही ढिलं लागतं आणि निवळी गढूळ सुटते. दगडीवर औषध चालू असेल तर प्रतिजैविकाचा अंश दुधात उतरतो आणि कल्चर मरतं. ‘कल्चर घातलं पण चोवीस तासांनीही दूध गोडच’ असं झालं की पहिला प्रश्न शेळीला इंजेक्शन दिलं होतं का हा विचारावा. पशुवैद्याने सांगितलेले दिवस जाईपर्यंत ते दूध घेऊ नये, चीजसाठीही नाही आणि पिण्यासाठीही.

खवट आणि साबणासारखी चव एका जातीची, कागदी किंवा धातूसारखी चव दुसऱ्या जातीची. ही दुसरी आली तर भांडी तपासा. कल्हई गेलेलं पितळेचं किंवा तांब्याचं भांडं दुधाला लागलं तर स्निग्ध हवेशी लवकर बिघडतं. अॅल्युमिनियमही आंबट दह्याला नको. सगळीकडे स्टील.

आता पोत. इथे तुमच्याकडून एक गोष्ट झाली ती अगदी स्वाभाविक आहे: दूध उकळलंत. दह्यासाठी ही रीत बरोबरच आहे, उकळलेल्या दुधाचं दही घट्ट आणि दाट लागतं. पण रेनेटचं काम वेगळं चालतं. ते केसिनच्या कणांची टोकं कापतं आणि मग ते कण एकमेकांना धरतात. उकळताना दुधातलं निवळीचं प्रथिन केसिनला जाऊन चिकटतं आणि ही पकड नीट बसत नाही. शेळीच्या दुधाची पकड तशीही नाजूक असते, कारण आल्फा-एस-१ नावाचं केसिन त्यात गाईपेक्षा साधारणपणे कमी असतं आणि ते किती हे शेळीच्या वंशावर ठरतं. म्हणून एका कळपाचं दूध छान लागतं, शेजारच्या कळपाचं ढिलं. संगमनेरी आणि उस्मानाबादीची सरमिसळ असलेल्या आपल्याकडच्या कळपांत दोन शेळ्यांमध्येही फरक दिसतो. गाई-म्हशीच्या दुधाचा हिशोब इथे लावू नका. म्हशीच्या दुधासारखं सुरीने कापता येईल असं घट्ट दही यात दिसणार नाही आणि दिसायला हवं असंही नाही.

पण कच्चं दूध वापरा असं मी सांगत नाही. शेळीच्या कच्च्या दुधातून ब्रुसेला नावाचा जंतू येऊ शकतो, त्याचा ताप महिनोन्महिने माणसाला सोडत नाही, आणि घरात गरोदर बाई असेल तर धोका आणखी मोठा. मऊ ताज्या चीजला कच्चं दूध नकोच. मधला मार्ग ६३ अंशांना ३० मिनिटं. गॅसवर हे जमवायचं तर मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात दुधाचं पातेलं ठेवा, थर्मामीटर दुधात, आच मंद, हलवायचं तेही सावकाश, फेस न आणता. ६३ ते ६५ मध्ये अर्धा तास टिकवा. ७० ला गेलं तर आकाश कोसळत नाही, ८० ला गेलं की रेनेटची पकड ढिली होऊ लागते. मग पातेलं सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवून वीस-तीस मिनिटांत २४ अंशांवर आणा. ओट्यावर आपोआप निवायला ठेवू नका. ४० ते ३० अंशांच्या पट्ट्यात दूध जेवढं रेंगाळेल तेवढं नको ते जंतू पुढे जातात.

हे आम्लाने लागणारं चीज आहे. फ्रेंच लोक याला शेव्र म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर चक्क्याचाच सावकाश, गार हवेत लावलेला भाऊ. दही मुख्यतः कल्चरच्या आम्लामुळे लागतं, रेनेट फक्त हातभार लावतं, म्हणजे निवळी स्वच्छ सुटते आणि पोत रेशमी येतो. म्हणून रेनेट घट्ट चीजच्या मानाने दहावा ते पंधरावा हिस्साच लागतं. वेष्टनावरचं प्रमाण बहुधा अर्ध्या-पाऊण तासात दूध घट्ट करण्यासाठी असतं. ते इथे घातलं की दही आम्ल तयार होण्याआधीच ताणून बसतं, आकसतं, निवळी भसाभस सोडतं आणि मग कोरडे, चिवट दाणे उरतात. त्यात ३४ अंशांची उष्णता आली. उष्णतेतही दही आकसतं. तुमचा रवा या दोहोंच्या संगनमताचा.

तिसरं कारण ओतण्यात असतं. लागलेलं दही फडक्यात भसकन उलटं केलं की त्याचा चुरा होतो, बारीक चुरा फडक्याची छिद्रं बुजवतो, बाहेरचा थर सुकतो आणि आत पाणी कोंडतं. मग बाहेरून रवा आणि आतून खीर. पसरट डावाने, आडव्या पातळ पापुद्र्यांनी दही उचलून फडक्यात ठेवायचं. पाच मिनिटं जास्त लागतात, पण पोताचा मोठा भाग इथेच ठरतो.

तापमान राखायला महागडं यंत्र लागत नाही. एप्रिल-मेमध्ये थर्माकोलचा खोका किंवा सहलीला नेतात तो बर्फाचा डबा घ्या, दुधाचं पातेलं २२ अंशांच्या पाण्यात उभं करा आणि शेजारी गोठवलेल्या पाण्याची अर्ध्या लिटरची एक बाटली ठेवा. पातेल्याला चिकटवू नका. डबा किती चांगला बंद होतो यावर बाटली किती तासांनी बदलायची ते ठरेल. पहिल्या खेपेला दर तीन-चार तासांनी पाण्याचं तापमान बघा, पुढे अंदाज येतो. रात्री एसी २४ वर चालणारी खोली असेल तर तीच वापरा. डिसेंबर-जानेवारीत उलटं, त्याच डब्यात कोमट पाण्याची बाटली. पावसाळ्यात तापमान बहुतेक वेळा फार छळत नाही, पण हवेत बुरशी असते, फडकं ओलं राहिलं की वास धरतं. शिवाय कोवळ्या गवतावर शेळ्या गेल्या की दुधातलं स्निग्ध उतरतं आणि चीज कमी भरतं. त्या महिन्यांत उतारा घटला म्हणून कृती बदलायला जाऊ नका.

काळ घड्याळावर मोजू नका, दह्याकडे बघा. वर सेंटिमीटरभर हिरवट पिवळी स्वच्छ निवळी आली, दही भांड्याच्या कडेपासून सुटलं, एखाद-दुसरी भेग दिसली की तयार. पीएच मीटर असेल तर ४.५ ते ४.६. कागदी पट्ट्यांवर एवढा बारीक फरक वाचता येत नाही, त्यावर पैसे घालवू नका. निवळी पांढरी दुधाळ असेल तर अजून कच्चं आहे; पुन्हा झाका आणि दोन तासांनी बघा. जानेवारीत नेमकं हेच करायला हवं होतं.

कडवटपणाबद्दल. रेनेटचा उरलेला अंश चीजमध्ये राहतो आणि फ्रीजमध्येही प्रथिनं कापत बसतो. त्या तुकड्यांपैकी काही कडू असतात. म्हणून पहिल्या दिवशी ठीक आणि तिसऱ्या दिवशी कडू हा क्रम रेनेटकडे बोट दाखवतो. पहिल्याच घासाला कडू असतं तर मी दुधावर किंवा कॅल्शियम क्लोराइडवर (दही घट्ट लागावं म्हणून दुधात घालतात ते) संशय घेतला असता. हे कॅल्शियम तुम्ही वापरता की नाही ते लिहिलेलं नाही. वापरत असाल तर ३० टक्के द्रावणाचं प्रमाण लिटरला ०.३ मिलिलिटर, म्हणजे २ लिटरला ०.६, तेही अर्धी वाटी पाण्यात मिसळून, रेनेटच्या आधी. त्यापुढे कडवट-धातूसारखी चव येते. खाद्य दर्जाचंच घ्या, ओल शोषायला कपाटात टांगतात ते नव्हे. ६३ अंशांना तापवलेल्या ताज्या दुधाला ते बहुधा लागतही नाही.

कडू होण्याचं आणखी एक कारण जुनं दूध. कच्चं दूध फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहिलं तर थंडीत वाढणारे जंतू वाढतात. नंतर उकळलं की ते मरतात, पण त्यांनी सोडलेली एन्झाइम्स उकळीलाही दाद देत नाहीत आणि पुढे चीजमध्ये काम करत राहतात. चोवीस तासांच्या आत तापवा. आणि मीठ कमी पडलं तरी कडवटपणा लवकर वर येतो, कारण मीठ या सगळ्याला लगाम घालतं.

२ लिटरचा माझा हिशोब असा. दूध ६३ अंशांना ३० मिनिटं, मग २४ वर गार. कल्चर चिमटीने घालू नका. पाकिटावर जेवढ्या लिटरसाठी लिहिलंय त्याच्या प्रमाणात सोनाराच्या छोट्या काट्यावर तोला. तेही अवघड वाटत असेल तर अर्ध्या लिटर तापवलेल्या दुधात आधी कल्चर लावून २२-२४ अंशांना अठरा-वीस तासांत मुरवण करा, निर्जंतुक केलेल्या बर्फाच्या साच्यात गोठवा आणि दर खेपेला ३० ते ४० मिलिलिटर वापरा. महिनाभर चालतं. घरचं विरजण वापरायचा मोह होईल. चीज होईल, पण चव चक्क्याची येईल, कारण त्यातले बरेच जंतू ४० अंशांच्या आसपास रमणारे असतात आणि त्यात यीस्टही असू शकतं. बाजारातलं मसाला ताक तर नकोच.

कल्चर पसरल्यावर तासाभराने रेनेट. १ मिलिलिटर रेनेट १९ मिलिलिटर पाण्यात मिसळा, त्यातलं फक्त १ मिलिलिटर दुधात, बाकी ओतून द्या; पाण्यात मिसळलेलं रेनेट अर्ध्या तासात जोर गमावतं. हे प्रमाण साध्या ताकदीच्या द्रवासाठी. दुप्पट ताकदीचं असेल तर अर्धं. इंजेक्शनची सुई नसलेली सिरिंज मोजायला उत्तम. पाणी नळाचं थेट घेऊ नका, त्यातलं क्लोरीन रेनेट मारतं. उकळून गार केलेलं किंवा आरओचं घ्या. सोसायटीत टँकर आला आणि त्याच आठवड्यात चीज बिघडलं, असं असेल तर पाण्याकडेही एकदा बघा. रेनेट घातल्यावर वरखाली असं सावकाश दहा-बारा वेळा हलवा, दूध स्थिर होऊ द्या, मग भांड्याला हात लावायचा नाही.

दही तयार झालं की उकळून पिळलेलं मलमलचं फडकं चाळणीत पसरा, डावाने पापुद्रे ठेवा, अर्ध्या तासाने चार टोकं बांधून टांगा. तासांचा अंदाज आठ ते बारा, २० ते २२ अंशांना. साधारण चौथ्या तासाला सोडून कडेचा घट्ट थर चमच्याने खरवडून आत घ्या आणि पुन्हा बांधा. उन्हाळ्यात काळजीपोटी सुरुवातीपासूनच फ्रीजमध्ये टांगतात. तिथे निवळी फार सावकाश सुटते, पाणी आत राहतं आणि असं चीज लवकर बिघडतं. पाच-सहा तास त्याच गार डब्यात, मग फ्रीज, ही तडजोड चालते. खरा निकष वजन. २ लिटरचं ३५० ते ४०० ग्रॅम भरलं की थांबा. २५० वर आलं तर वाळवलंत, ५५० असेल तर अजून टांगा.

मीठ १.२ टक्के, म्हणजे ४०० ग्रॅमला ५ ग्रॅम, चहाचा चमचा सपाट भरून. मिसळून आणखी तासभर निथळू द्या, मीठ उरलेलं पाणी ओढतं. आयोडीनयुक्त मिठाने कल्चर मरतं असं ठासून सांगितलं जातं. मीठ आपण कल्चरचं काम झाल्यावर घालतो, तेव्हा दोष त्याच्यावर ढकलू नका. साधं बारीक मीठ मिळालं तर चव स्वच्छ राहते, एवढंच. स्वच्छ डब्यात, फ्रीजमध्ये, आठवडाभरात संपवा.

आता हातात जे रवाळ, आंबट चीज आहे त्याचं. प्रत्येक २०० ग्रॅमला एक-दोन चमचे ताजं क्रीम किंवा त्याचीच निवळी घालून मिक्सरमध्ये क्षणभर फिरवा, रवा बराच मोडतो. आंबटपणा जात नाही, पण क्रीममुळे झाकला जातो. पराठ्याच्या सारणात किंवा लसूण-मिरचीच्या चटणीबरोबर उग्र वास खपतो. कडू झालेलं मात्र कशातच खपत नाही. आणि एक सीमारेषा पक्की ठेवा. दही स्पंजासारखं फुगून वर तरंगलं आणि त्याला ब्रेडचा, दारूचा किंवा शेणाचा वास आला, किंवा चीजवर चिकट, गुलाबी किंवा काळा थर आला, तर चाखून बघायचंही नाही. फेकून भांडी उकळा, फडकं नवं घ्या. एखाद-दुसरा बुडबुडा काही सुगंधी कल्चरमध्ये येतोच, त्याने घाबरू नका.

पुढच्या खेपेला सगळं एकदम बदललंत तर कशाने सुधारलं ते कळणार नाही. आधी तापवणं, रेनेट आणि डबा हे तिन्ही एकत्र दुरुस्त करा, कारण ती उघड चूक होती. दूध मात्र त्याच शेळीपालकाचं, तशाच प्रवासाचं राहू द्या. पोत सुधारून वास तसाच राहिला तर वासाचं कारण गोठ्यात किंवा रस्त्यात आहे हे पक्कं होईल आणि त्या माणसाशी बोलायला तुमच्या हातात काहीतरी असेल.

राहिला फ्रीझरचा प्रश्न. दूध गोठवू नका. घरच्या फ्रीझरमध्ये ते सावकाश गोठतं, बर्फाचे मोठे खडे स्निग्धाची आवरणं फोडतात आणि प्रथिनं बसतात. वितळल्यावर वासही वाढलेला असतो आणि दहीही वाळूसारखं लागतं. जास्तीचं दूध आलंच तर त्याच दिवशी चीज करा आणि मीठ घालण्याआधी, नीट निथळलेलं, १०० ग्रॅमचे घट्ट गोळे करून हवा काढलेल्या पिशवीत गोठवा. रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्या, मीठ तेव्हा मिसळा. थोडं भुसभुशीत होतं, पण चमच्याने घोटलं की पुन्हा एकजीव होतं.